पोलादातून आरपार

रायफलच्या नळीचं भोक साधारण ७.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि नळी ६०० ते ७०० मिलिमीटर लांब. म्हणजे भोक जेवढं रुंद, त्याच्या ८० ते ९० पट खोल. ज्यांनी कधी लेथवर उभं राहून साधं ड्रिल पोलादात उतरवलंय त्यांना या आकड्याचा अर्थ लगेच कळेल. व्यासाच्या चार-पाच पट खोल गेलं की ड्रिल मागे घेऊन कीस काढावा लागतो. दहा पटीला मनात धाकधूक सुरू होते. वीस पट खोल गेल्यावर ते पलीकडे नेमकं कुठे निघेल, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि इथे ८०-९० पट, तेही भरीव गजातून. नीट झालेल्या कामात दुसऱ्या टोकाला भोक निघतं ते मध्यापासून केसाच्या दोन-चार जाडींएवढ्या फरकाने.

हे कसं जमतं, हा प्रश्न मला बंदुकांमुळे पडला नाही. माझं काम साच्यांचं. प्लास्टिकच्या साच्याच्या पोटातून पाणी खेळवण्यासाठी पोलादी ठोकळ्यात लांब, बारीक वाटा पाडाव्या लागतात आणि त्या पाडायच्या ड्रिलला जगभर गन ड्रिल म्हणतात. आपण रोज जे वापरतो त्याच्या नावात बंदूक का आहे, याच्या मागे लागलो आणि मग त्यातून बाहेर पडता आलं नाही.

पहिलं आश्चर्य ड्रिल हातात घेतल्यावरच वाटतं. सरळ भोक पाडणारं हत्यार ताठ असणार, अशी आपली समजूत. गन ड्रिल ताठ नसतं. बारीक पोलादी नळी, तिला लांबीभर एका बाजूने दाबून पाडलेली इंग्रजी व्ही आकाराची खोबण, आणि टोकाला ब्रेझिंगने जोडलेला कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा छोटा तुकडा. एक टोक धरून आडवं उचललं तर दुसरं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. झटका दिला तर वेतासारखं थरथरतं. या लवचीक काडीने मीटरभर पोलादातून सरळ जायचं असतं आणि ती जाते. ज्या गोष्टीच्या अंगी सरळपणा नाही, तिच्या हातून इतकं सरळ काम होतं, याचं मला आजही नवल वाटतं. हा सरळपणा हत्यारात नाही, तर मग आहे कुठे, हेच मला या लेखात शोधायचं आहे.

आधी साधं ड्रिल का भरकटतं ते पाहू. पिळाचं जे ड्रिल सगळ्यांना माहीत आहे, ज्याचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली घेतलं, त्याला समोरासमोर दोन धारा असतात. दोन्ही धारांवरचा आडवा जोर सारखा असेल तर ते जोर एकमेकांना खोडतात आणि ड्रिल मधोमध राहतं. पण दोन धारा तंतोतंत सारख्या घासल्या जाणं अवघड. एक जराशी लांब राहिली, एक जराशी बोथट झाली, की जोर एका बाजूला झुकतो. शिवाय दोन धारांच्या मध्ये एक आखूड आडवी कड असते. ती फारसं कापत नाही, पोलाद नुसतं रेटत बाजूला सारते. समोर कठीण कण आला की ही कड त्याच्यावरून घसरते. ड्रिलचं टोक एकदा तिरकं झालं की पुढचं सगळं तिरकं. कीस पिळाच्या खोबणीतून वर चढत यायला हवा. खोली वाढली की तो मध्येच गच्च बसतो, तापतो आणि ड्रिल मोडतं.

गन ड्रिलने हे दुखणं एका वेगळ्याच युक्तीने संपवलं. त्याला धार एकच. दोन धारांचा समतोल साधता येत नाही ना, मग समतोल नकोच. कापताना पोलाद धारेला ढकलतं. हा धक्का खोडायला समोर दुसरी धार नाही, तेव्हा सगळा जोर एकाच दिशेला जातो, आणि तो कोणत्या दिशेला जाणार हे आधीपासून पक्कं ठाऊक असतं. त्या दिशेला कार्बाइडच्या टोकावर गुळगुळीत आधारपट्ट्या ठेवलेल्या असतात. धार कापते, कापण्याच्या जोराने ड्रिल या पट्ट्यांवर रेललं जातं, आणि पट्ट्या टेकतात कशावर? नुकत्याच कापलेल्या भोकाच्या भिंतीवर. एका फेरीत टोक मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकं पुढे सरकतं. म्हणजे ज्या भिंतीचा आधार घ्यायचा, ती काही क्षणांपूर्वी याच धारेने घडवलेली असते. अंधारात भिंतीला पाठ टेकवून सरकत जाणाऱ्या माणसासारखं हे आहे, फक्त ही भिंत तो स्वतःच उभी करत चालला आहे.

टोकाचा कोनही विचार करून घासलेला असतो. अणी मधोमध नसते; नेहमीच्या घासणीत ती मध्यापासून व्यासाच्या एक चतुर्थांश अंतरावर असते. बाहेरची धार साधारण ३० अंशांनी उतरते, आतली २० अंशांनी. त्यामुळे भोकाच्या तळाशी मध्यभागी पोलादाची एक छोटी शंकूसारखी टेंगळी शिल्लक राहते. धार तिला कापत पुढे जाते आणि जाता जाता तिचाच टेकू घेते. बाहेरून भिंतीचा आधार, आतून या टेंगळीचा. मागची दांडी कितीही लवचीक असली तरी चालतं. तिचं काम एवढंच: टोकाला पीळ पोचवायचा, रेटा पोचवायचा आणि तेल पोचवायचं. रस्ता ठरवण्यात तिने ढवळाढवळ केली नाही तर उत्तमच. मला तर वाटतं, दांडी ताठ असती तर तिच्या बसवणुकीतली प्रत्येक चूक तिने टोकावर लादली असती.

पण यात एक मेख आहे. ड्रिल आपणच पाडलेल्या भोकाचा आधार घेतं हे खरं, पण पहिल्या मिलिमीटरला ते भोक नसतंच. तिथे आधार बाहेरून उसना आणावा लागतो. जॉबच्या, म्हणजे ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्याच्या, तोंडाशी कडक पोलादाचं एक बुश, म्हणजे पोकळ कडं, घट्ट टेकवलेलं असतं, त्याचं भोक ड्रिलच्या मापाला अगदी बेताचं. ड्रिल त्यातून आत शिरतं. बुश जरा झिजलेलं असेल, जॉबचा माथा नीट काटकोनात घासलेला नसेल, तर सुरुवात तिरकी होते. आणि जे हत्यार स्वतःच्या मागच्या कामावर इतका विश्वास टाकतं, ते ती तिरकी सुरुवातही तितक्याच इमानाने शेवटपर्यंत नेतं. साच्याच्या कामात मी शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खोल भोकाचं बरंचसं भवितव्य पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये ठरलेलं असतं, आणि लोक मात्र काळजी करतात ती मधल्या लांबीची.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. फिरायचं कोणी? ड्रिलने की नळीने?

साच्याचा ठोकळा अवजड, चौकोनी. तो फिरवता येत नाही. त्यामुळे आम्ही ड्रिल फिरवतो. मीटरभर खोलीत भोक मिलिमीटरभरसुद्धा सरकू शकतं. फार लांब वाट असेल तर दोन्ही बाजूंनी पाडत येतात आणि मध्ये गाठ घालतात. गाठीपाशी छोटी पायरी राहते. पाण्याला तिचं काही वाटत नाही. गोळीला वाटेल. म्हणून नळीच्या कारखान्यात गज फिरवतात, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने, आणि ड्रिल स्थिर ठेवून फक्त पुढे सरकवतात. काही यंत्रांत दोघांना उलट्या दिशांना फिरवतात. त्यात भोक सगळ्यात कमी सरकतं.

यामागचं कारण कळलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून कागदावर आकृत्या काढत बसलो होतो. ड्रिलला चुकवणाऱ्या गोष्टी पाहा: दांडी वजनाने खाली झुकते, बुश किंचित एका अंगाला बसलेलं असतं, यंत्राची मध्यरेषा कणभर हललेली असते. या सगळ्यांची दिशा ठरलेली. झोक खालीच असतो, बुश डावीकडे असेल तर डावीकडेच. गज स्थिर असेल तर ही सगळी ढकलाढकल गजाच्या एकाच बाजूवर साठत जाते आणि भोक त्या बाजूला वाकत जातं. गज फिरत असेल तर? ढकलणारा जोर तोच, तितकाच, त्याच दिशेचा. पण त्याच्यासमोर गजाची दर क्षणी नवी बाजू येते. आत्ता जी बाजू खाली होती ती पुढच्या क्षणी वर. चूक नाहीशी होत नाही, ती चहूबाजूंना सारखी वाटली जाते. आणि सगळीकडे सारख्या वाटलेल्या चुकीची बेरीज मध्यरेषेवरच येते.

ही युक्ती कार्बाइडच्या काळातली नाही. ती तोफांकडून आली. १८व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक तोफा पोकळच ओतत. साच्याच्या मधोमध मातीचा गाभा टांगायचा, भोवती वितळलेला धातू ओतायचा, थंड झाल्यावर गाभा फोडून काढायचा. पण धातूच्या लोंढ्यात गाभा हले, तिरका होई, आणि तोफेचं भोक जन्मतःच वाकडं येई. ते तासून गुळगुळीत करायच्या गिरण्या होत्याच, पण तासणारं पातं आधीच्या वाकड्या भोकामागून जाई. १७१०च्या दशकात योहान मारित्झ या स्विस ओतकाराने वेगळी वाट धरली. तोफ भरीवच ओतायची आणि मग तिला छिद्र पाडायचं. पुढे आडव्या यंत्रांत तोफच फिरवायला लागले आणि पातं फक्त सरकवायला. नेदरलँड्समधला यान फरब्रुखन हे तंत्र घेऊन १७७०मध्ये इंग्लंडच्या वुलिच इथल्या शाही ओतशाळेत आला. जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने १७७४ साली लोखंडी तोफा भरीव ओतून, फिरवून कोरण्याचं पेटंट घेतलं; १७७९मध्ये ते रद्द झालं, पण तोवर त्याच्या हातून एक मोठी गोष्ट घडून गेली होती.

जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन कागदावर तयार होतं आणि लोखंडात अडलं होतं. सिलिंडर नीट गोल आणि सरळ मिळत नव्हता, दट्ट्याच्या कडेने वाफ निसटत होती. त्या काळी मोठे सिलिंडर कोरायचं चांगल्यांतलं यंत्र स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात होतं, जॉन स्मीटनने बनवलेलं. त्यात पात्याचं डोकं एका लहानशा गाड्यावर टेकलेलं असे आणि तो गाडा ओतीव सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावरून चाले. ओतीव वाकडं, तर गाडा वाकडा, तर कोरणंही वाकडं. विल्किन्सनने १७७५मध्ये काय केलं, तर सिलिंडरच्या आरपार एक भक्कम दांडा घातला, तो दोन्ही टोकांना बाहेर टेकवला आणि त्याच्यावर पातं सरकवत नेलं. आतल्या वाकडेपणाशी संबंधच तोडला. त्या सिलिंडरांबद्दल वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने लिहून ठेवलंय, की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक कुठे सापडत नाही. वाफेचं युग सुरू व्हायला जी अचूकता लागली, ती तोफ कोरणाऱ्या माणसाच्या कारखान्यातून आली.

ही तिन्ही यंत्रं एकापुढे एक ठेवली की मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं. स्मीटनचं पातं दुसऱ्याने करून ठेवलेल्या पृष्ठभागामागून गेलं. विल्किन्सनचं पातं बाहेरच्या दांड्यामागून गेलं. गन ड्रिलला यांतलं काहीच शक्य नाही. भरीव गजात आधीचं भोक नाही आणि आरपार दांडा घालायला जागा नाही. म्हणून ते सुरुवात उसनी घेतं, पुढचा आधार स्वतः घडवतं, आणि जी चूक उरेल ती फिरणाऱ्या गजाच्या अंगावर सारखी वाटून टाकतं. सरळपणा हत्यारात नव्हता. तो या तीन गोष्टींच्या मेळात होता.

तोफ कोरण्याच्या या इतिहासात आणखी एक नाव येतं, तेही सांगून टाकतो. म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफा कोरताना धातू किती तापतो हे पाहून काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञांनी मुद्दाम बोथट पातं लावलं, भोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकरवी यंत्र फिरवत ठेवलं. सुमारे अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळलं. बघ्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यांनी १७९८च्या आपल्या निबंधात नोंदवलंय. उष्णता हा धातूत साठवलेला एखादा द्रव असता तर कधीतरी संपला असता. घासत राहिलं तोवर ती संपतच नव्हती. तेव्हा उष्णता म्हणजे एक प्रकारची हालचालच असली पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

रमफर्डना जी उष्णता हवी होती ती ड्रिल करणाऱ्याचा शत्रू. म्हणून गन ड्रिलच्या दांडीतून तेल जातं. ते टोकाजवळच्या बारीक छिद्रातून थेट धारेवर आदळतं आणि व्ही खोबणीतून कीस घेऊन मागे परत येतं. एवढ्या बारीक वाटेने तेल ढकलायचं तर दाब प्रचंड लागतो. रायफलच्या मापाच्या भोकांना वातावरणाच्या दाबाच्या दहापटीहून कितीतरी जास्त. तेल तिथे धार थंड ठेवतं, आधारपट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये पातळ थर धरतं, आणि कीस बाहेर वाहून आणतं. यातलं शेवटचं काम थांबलं की बाकीची दोन्ही थांबतात. कीस आखूड, स्वल्पविरामासारखा तुटायला हवा. लांब दोरीसारखा सुटला तर खोबणीत अडकतो, तेलाच्या दाबाचा काटा उसळतो आणि पुढच्याच क्षणी दांडी पिळून तुटते. तुटलेलं ड्रिल नळीच्या पोटात राहतं आणि तो गज वाया जातो.

म्हणूनच चांगला कारागीर यंत्राकडे फार पाहत नाही. तो काट्यावर एक डोळा ठेवतो आणि ऐकतो. नीट चाललेल्या कापाचा आवाज एकसुरी असतो, तेलाच्या सळसळीखाली दबलेला. धार उतरायला लागली की त्यात बारीकशी किरकिर मिसळते. ती मलाही ऐकू येते, पण ज्यांची हयात या यंत्रांवर गेली त्यांना ती माझ्या कितीतरी आधी येते. ते मशीन थांबवतात, मूठभर कीस हातावर घेतात, त्याचा रंग आणि वळण पाहतात आणि मग ठरवतात. मिनिटाला साधारण २५ मिलिमीटर या गतीने एक नळी व्हायला अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासात आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. बाहेर येणारा आवाज, कीस आणि काटा, एवढ्यावरूनच आतलं ओळखायचं.

आता गजाबद्दल. नळीसाठी बहुतेक वेळा क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद घेतात, ज्यात कार्बन सुमारे ०.४ टक्के आणि क्रोमियम सुमारे १ टक्का असतं, किंवा मग सहज कापलं जाणारं एक स्टेनलेस. पण रसायनापेक्षा महत्त्वाचा असतो त्याचा स्वभाव. पोलादाच्या गिरणीत गज थंड असताना दाबून सरळ केलेला असेल तर त्याच्या पोटात ताण कोंडून राहतात. बाहेरून तो सरळ दिसतो, कारण आतले ताण एकमेकांना धरून असतात. त्याला भोक पाडलं, बाहेरून तासून बारीक केला, की यांतले काही ताण सुटतात, बाकीच्यांना धरणारं कोणी उरत नाही, आणि सरळ पाडलेलं भोक तुमच्या डोळ्यांदेखत वाकडं होतं. ड्रिलने काहीच चूक केलेली नसते. म्हणून चांगले नळीकार गज आधी भट्टीत तापवून सावकाश निववतात, ताण उतरवून घेतात आणि मगच हात लावतात.

ड्रिलनंतर रीमर फिरतो. भोक मुद्दाम जरा लहान पाडलेलं असतं, रीमर ते गुळगुळीत करत मापाला आणतो. पण रीमरही भोकामागूनच जातो, वाकडं भोक तो सरळ करू शकत नाही. मग येतं रायफलिंग, म्हणजे आतल्या पिळदार खोबणी. त्या पाडायच्या रीती अनेक: एकाच हुकासारख्या पात्याने दर खेपेला एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) खरवडत शेकडो खेपांत, किंवा कार्बाइडचं बटण जोराने ओढून, किंवा आत साचा घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकून. ठोकायच्या रीतीतही गजाला आधी भोक पाडावंच लागतं. खोबण खोल असते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. १० इंचांत एक पीळ असेल आणि गोळी सेकंदाला ८५० मीटरने निघाली, तर ती मिनिटाला सुमारे २ लाख फेरे घेत हवेत शिरते. या वेगाला गोळीतला किंवा नळीच्या तोंडातला कणभर तिरकसपणाही लपून राहत नाही.

बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी, आणि तो भोकावरून घेतात. भोकाच्या दोन टोकांना सेंटर लावून नळी लेथवर चढवायची आणि बाहेरचं पोलाद भोकाच्या मध्याशी जुळवून तासायचं. आपल्याला दिसतो तो बाहेरचा गज; कारागिराच्या लेखी खरी वस्तू म्हणजे आतली पोकळी, पोलाद तिच्याभोवतीचं. टोकांशी हे जुळतं. मधल्या लांबीत भोक वाकलं असेल तर तिथे एक भिंत जाड आणि समोरची पातळ राहते. मग गोळ्या झाडून नळी तापली की दोन बाजू कमी-जास्त फुगतात आणि नेम हळूहळू सरकत जातो.

जुन्या कारखान्यांत नळी सरळ करणारे खास कारागीर असत. सुरुवातीच्या काळात नळीतून ताणलेला बारीक दोरा ओवून तो भिंतीला कुठे टेकतो ते बघत. नंतर सावलीची रीत आली. नळी डोळ्याला लावून खिडकीच्या आडव्या पट्टीकडे पाहायचं. चकचकीत भोकात त्या पट्टीची सावली लांबच लांब रेघ होऊन पडते. रेघ सरळ, तर भोक सरळ. रेघ कुठे मोडली की तिथे हातोडीचा ठोका द्यायचा, पुढे स्क्रू-प्रेसचा दाब. मग नळी फिरवून पुन्हा पाहायचं. या नजरेबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही आजचे काही नळीकार नळी सरळ करायला साफ नकार देतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. वाकवून सरळ केलेल्या पोलादात नवे ताण भरले जातात. नळी तापली की ते आपली जुनी जागा शोधू लागतात. आधीच सरळ पाडणं आणि नंतर सरळ करणं या दोन गोष्टी एक नव्हेत.

वाकड्या नळीने शिकवल्याचंही एक उदाहरण आहे. १८व्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मस्केट या जुन्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं तोंड जाणूनबुजून डावीकडे वाकवलं आणि वाटेत कागदाचे पडदे लावून गोळी झाडली. जवळच्या पडद्यांत भोकं डावीकडे पडली, दूर जाऊन मात्र गोळी उजवीकडे वळली. वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासून फिरायला लागली होती आणि त्या फिरण्यानेच हवेत तिची वाट वळवली. गोळी फिरते कशी यावर ती जाते कुठे हे ठरतं, हे त्या वाकड्या नळीमुळे दिसलं.

मी हे सगळं इतक्या प्रेमाने लिहितोय, पण नळी कशासाठी असते हे विसरून ते लिहिता येणार नाही. एवढी बुद्धी, एवढी नजर, एवढा धीर, आणि या सगळ्याच्या शेवटी एक गोळी कोणाच्या तरी शरीरापर्यंत अचूक पोचते. याच ड्रिलने आज हाडं जोडायच्या पोकळ स्क्रूंमधून आरपार भोकं पाडतात. सर्जन आधी बारीक तार हाडात नेमकी घालतो आणि त्या तारेवरून स्क्रू आत सरकवतो. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमध्ये, क्रँकशाफ्टच्या तेलवाटांत, माझ्या साच्यांत, उष्णता वाहणाऱ्या नळ्यांच्या जाड तबकड्यांत हेच ज्ञान आहे. ही यादी मी मनात अनेकदा केली. तिने बंदुकीचं काहीही धुऊन निघत नाही, आणि बंदुकीमुळे या कौशल्याबद्दलचा माझा जिव्हाळाही कमी होत नाही. दोन्ही एकाच मनात राहतात, एकमेकांना अडचण होईल अशीच. हाड जोडणारा स्क्रू आणि हाड फोडणारी नळी यांना एकच धार, एकच तेल आणि तोच कान लागतो, हे मला खरं म्हणून सांगायचं आहे. त्याचा जमाखर्च मांडणं मला जमलेलं नाही.

पुन्हा नळीकडे येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. इतकं सगळं करूनही पूर्ण सरळ नळी नसतेच. गज फिरवा, बुश बदला, ताण उतरवा, तरी थोडा बाक उरतो. नळी मापणारे तो लपवत नाहीत. तयार नळी दोन आधारांवर ठेवून सावकाश फिरवतात आणि तोंडाशी भोक कोणत्या दिशेला कलतंय ते शोधतात. तिथे बाहेरून खूण करतात. मग लांब पल्ल्यासाठी रायफल जोडणारा काळजी घेणारा कारागीर नळी बसवताना ती खूण अशा बेताने वळवतो की उरलेला बाक डावीकडे-उजवीकडे न पडता बरोबर वरच्या दिशेला यावा. डावी-उजवी चूक झाली तर दुर्बिणीची आडवी जुळवणी त्यातच खर्च होते आणि वाऱ्यासाठी ती पुरेशी उरत नाही. वरच्या दिशेची चूक मात्र उपयोगी पडते, कारण गोळी दूरवर जाताना खालीच येते आणि तोंड तसंही थोडं वर उचलावंच लागतं.